छपरावरचे ऊन आणि दुकानाचे बिल

मालेगाव म्हटले की बाहेरच्या माणसाला नाशिक जिल्ह्यातले लूमचे मालेगाव आठवते. आमचे मालेगाव ते नव्हे. आमचे वाशिम जिल्ह्यातले, अकोल्याहून मेडशीमार्गे वाशिमला जाणाऱ्या रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. जुने लोक त्याला मालेगाव जहांगीर म्हणतात. सुरत, भिवंडी, इचलकरंजीहून माल मागवताना पत्त्यावर जिल्हा आणि पिनकोड ठळक अक्षरांत लिहावा लागतो, नाहीतर कापडाची गाठ चारशे किलोमीटर दूरच्या नावबहिणीकडे जाऊन पडते आणि लग्नसराई निघून जाते. त्या मालेगावात कापड विणले जाते, आमच्या मालेगावात ते विकले आणि शिवले जाते. दोन्हीकडे एक गोष्ट मात्र सारखी आहे. धंदा विजेवर चालतो आणि विजेचे बिल दरवर्षी थोडे आणखी वर सरकते.

पूर्वी आमच्या वहीत विजेचा खर्च हा किरकोळ रकाना होता. दोन ट्यूब, दोन पंखे, संपले. आता संगणकावर बिल निघते, कॅमेरे चोवीस तास चालू असतात, काचेच्या कपाटात दिवे लागतात आणि उन्हाळ्यात कूलर नसेल तर गिऱ्हाईक पायरीवरूनच परत फिरते. अनेक दुकानांत विजेचा खर्च आता भाड्याच्या खालोखाल येऊन बसला आहे. म्हणून सौर ऊर्जा, एलईडी, नव्या मोटरी हे विषय केवळ इंजिनियर लोकांचे आहेत असे समजून चालणार नाही.

ज्यांनी २००५ ते २०१० ची वर्षे दुकानात बसून काढली त्यांना वेगळे सांगायला नको. भारनियमन म्हणजे काय ते विदर्भाच्या ग्रामीण बाजारपेठेने पुरते भोगले आहे. दिवसात आठ-दहा तास, कधी बारा तास वीज नसे. दारात रॉकेलचे जनरेटर धडधडत असायचे. त्या धुराने पांढरे धोतर आणि मलमल कपाटातल्या कपाटात पिवळी पडे, आणि गिऱ्हाइकाशी भाव ठरवताना दोघांनाही ओरडावे लागे. पुढे इन्व्हर्टर आले, मग भारनियमन कमी झाले, आणि जनरेटर भंगारात गेले. आजचा प्रश्न वीज आहे की नाही हा उरलेला नाही. ती कितीला पडते आणि कुठून येते, हा आहे.

उजेड बदलला, रंग बदलला

नव्या तंत्राची सुरुवात आम्ही दिव्यापासून करतो, कारण कापडवाल्याला दिव्याचे महत्त्व जितके आहे तितके सोनाराखेरीज कोणाला नसेल. एलईडी दिव्यातला पांढरा उजेड निळ्या एलईडीच्या शोधामुळे शक्य झाला आणि त्या शोधाबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली आणि महागडा एलईडी बल्ब बघता बघता घरोघरी पोचला.

बिलाचा हिशेब सोपा आहे. जुनी चाळीस वॅटची ट्यूब तांब्याच्या चोकसह सुमारे बावन्न वॅट खाते, एलईडी ट्यूब वीस वॅट. बारा ट्यूब असलेल्या दुकानात दिवसाचे दहा तास धरले तर रोजचे पावणेचार युनिट वाचतात. पंख्याचेही तसेच. साधा पंखा पंचाहत्तर वॅटचा, नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. चार पंखे बदलले तर आणखी पावणेदोन युनिट. म्हणजे दिवसाला साडेपाच युनिट, महिन्याला एकशे पासष्ट. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो कामाला येणार आहे.

पण आमच्या धंद्यात वाचलेल्या युनिटपेक्षा मोठी गोष्ट आहे ती रंगाची. साडी पसंत पडली तरी बाई ती उचलून दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत नेते आणि उन्हात धरून बघते. ही सवय वेडेपणाची नाही. दोन कापडे एका दिव्याखाली एका रंगाची दिसतात आणि दुसऱ्या उजेडात वेगळी पडतात, कारण त्यांचे रंगद्रव्य वेगळे असते. मॅचिंग सेंटरवाल्याला हे रोज भोगावे लागते. ब्लाऊजपीस दुकानात साडीशी तंतोतंत जुळते, घरी जाऊन अंगणात बघितले की मेंदी रंग खाकी झालेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक परत. शिंप्याकडे दोऱ्याच्या रिळाचेही असेच होते.

स्वस्त एलईडी घेतले तर ही अडचण वाढते. त्यांच्या उजेडात लाल रंगाचा अंश कमी असतो, त्यामुळे मरून काळपट आणि गुलाबी राखाडी दिसतो. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय नावाचा एक आकडा असतो. रंग उन्हातल्यासारखे किती खरे दिसतात त्याचे ते माप. उन्हाचे शंभर धरतात. बाजारात बहुतेक दिवे ऐंशीच्या आसपासचे मिळतात. कापडाच्या काउंटरवर नव्वदच्या वरचा दिवा लावावा. तो थोडा महाग पडतो, पण सगळ्या दुकानात लावायची गरज नाही. माल जिथे उलगडून दाखवतो त्या गादीवर दोन लावले तरी पुरे. अनेक व्यापारी दुकान झगमगावे म्हणून निळसर पांढरा दिवा लावतात. त्याखाली पांढरा शर्टिंगचा माल खुलतो हे खरे, पण जरी आणि पिवळा रंग मरतो. आमच्या मते मधला, चार हजार केल्विनचा उजेड कापडाला बरा.

सौर पॅनेल कोणाला परवडते

आता छपरावर येऊ. सिलिकॉनचा सौर सेल १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जगासमोर आला तेव्हा तो उन्हाच्या शक्तीपैकी जेमतेम सहा टक्के वीज करी. आज बाजारातले साधे पॅनेल वीस टक्क्यांच्या वर देते. गेल्या पंधरा वर्षांत चीनने कारखानेच्या कारखाने उभे केल्यामुळे भाव कोसळले आणि जी गोष्ट उपग्रहावर लागायची ती आता डोंगरकिन्ही, शिरपूरच्या घरांवर दिसू लागली. आमच्या जिल्ह्यात समृद्धी महामार्गाच्या कारंजा लाड इंटरचेंजच्या मोकळ्या जागेतही पॅनेल उभी राहिली आहेत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर मुफ्त बिजली योजना जाहीर झाली. एक किलोवॅटला तीस हजार, दोनला साठ हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला अठ्ठ्याहत्तर हजार रुपये अनुदान. योजना २०२६-२७ पर्यंत आखलेली आहे. अनुदान थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येते, म्हणून अनुदान मिळवून देतो असे सांगून वेगळे पैसे मागणाऱ्याला दारातूनच सलाम करावा. पॅनेल देशी बनावटीचे आणि काम नोंदणीकृत विक्रेत्याचे असले पाहिजे.

इथे आमचे व्यापारी बांधव एक गोष्ट विसरतात. हे अनुदान घराला आहे, दुकानाला नाही. व्यापारी मीटरवर पॅनेल बसवले तर सगळी रक्कम खिशातून जाते. एजंट हे पहिल्या भेटीत सांगत नाही. तरीही दुकानाचा हिशेब अगदीच वाईट नाही, कारण व्यापारी दराचे युनिट घरगुती युनिटपेक्षा महाग असते आणि दुकान चालते तेही दिवसाच, ऊन असतानाच. घरात माणसे दुपारी नसतात, दिवे रात्री लागतात. दुकानात उलट. वीज होते त्याच वेळी खपते.

एक किलोवॅट पॅनेलला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला चार युनिट मिळतात. विक्रेता पाच सांगेल. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये ऊन रणरणते म्हणून वीजही भरपूर होईल असा अनेकांचा समज आहे. तसे नाही. पॅनेलला उजेड हवा, उष्णता नको. पंचवीस अंशांच्या वर सेलचे तापमान गेले की प्रत्येक अंशाला पाव ते अर्धा टक्का वीज घटते, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात पत्र्यावरचे पॅनेल साठ अंशांच्या पुढे तापते. त्यात धूळ. आणि पावसाळ्यात ढग. म्हणून चार धरूनच चालावे.

आता तो एकशे पासष्टचा आकडा आठवा. एक किलोवॅट पॅनेल महिन्याला एकशे वीस युनिट देते. म्हणजे बारा ट्यूब आणि चार पंखे बदलून जे वाचते ते जवळपास दीड किलोवॅटच्या पॅनेलइतके आहे, आणि त्याचा खर्च पॅनेलच्या मानाने फारच कमी. जुने पंखे तसेच ठेवून छपरावर मोठे पॅनेल चढवणे म्हणजे फुटक्या माठात पाणी भरत बसणे. आधी दुकानातली गळती थांबवावी, मग जे बिल उरेल तेवढ्यापुरतेच पॅनेल घ्यावे. गेल्या बारा महिन्यांची बिले समोर ठेवून हा हिशेब कोणालाही करता येतो.

आणि छप्पर आपले आहे का हेही बघायचे. बाजारपेठेतली कितीतरी दुकाने भाड्याची आहेत. वर मालकाचे बिऱ्हाड, किंवा चार भावांच्या वाटणीतले छप्पर. पंचवीस वर्षे टिकणारी वस्तू अकरा महिन्यांच्या करारावर कशी बसवायची? अशा भाडेकरूने दिवे, पंखे, मोटरी एवढ्यावर थांबलेले बरे. ज्यांचे छप्पर स्वतःचे आहे त्यांनीही सावली बघावी. शेजारी तिसरा मजला चढला किंवा पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडली तर त्याच्यासोबत जोडलेली ओळच्या ओळ मंदावते. वानरांचाही बंदोबस्त लागतो. आमच्याकडे ते शहरवासीयांना हसण्यासारखे वाटेल, पण ज्याच्या छपरावर टोळी उतरते त्याला विचारा.

शून्य बिल हा शब्दही जपून ऐकावा. नेट मीटर बसले की जास्तीची वीज महावितरणकडे जमा होते आणि कमी पडलेल्या युनिटांतून वळती होते, पण स्थिर आकार चालूच राहतो. शिवाय साधी नेट मीटरची जोडणी असेल तर लाइन गेल्यावर पॅनेलही बंद पडते. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला झटका बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. भर उन्हात छपरावर तीन किलोवॅट आणि खाली दुकानात अंधार, हे पाहून आमच्या ओळखीचे एक व्यापारी विक्रेत्याशी भांडायला गेले होते. त्याला बॅटरीचा इन्व्हर्टर वेगळा लागतो आणि त्याचा खर्चही वेगळा.

आयकर भरणाऱ्या व्यापाऱ्याला पॅनेलच्या किमतीवर वर्षाला चाळीस टक्के घसारा मिळतो, हा विक्रेत्यांचा आवडता मुद्दा. मुद्दा खरा आहे, पण जो छोटा दुकानदार ठोक पद्धतीने उलाढालीवर ठराविक टक्के नफा दाखवून कर भरतो त्याला वेगळा घसारा दाखवता येत नाही, आणि आमच्यातले बहुतेक तसेच आहेत. जीएसटीचा फायदा मात्र सर्वांना आहे. सौर साहित्यावरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. त्याआधीचे जुने कोटेशन कोणी दाखवत असेल तर नवे मागून घ्यावे.

पैशाचा प्रश्न आला की व्याजाचा प्रश्न येतो. बँका या कामाला कर्ज देतात, पण व्याजी कर्जापासून दूर राहणारे आपले बांधव पुष्कळ आहेत आणि त्यांनी हात आखडता घेणे स्वाभाविक आहे. त्यांच्यासाठी रस्ता अगदी बंद नाही. एकदम तीन किलोवॅट न घेता एक-दोन घेऊन पुढे वाढवता येते, फक्त इन्व्हर्टर सुरुवातीलाच मोठा बघावा. काही विक्रेते एकच ठरलेली किंमत हप्त्यांत घेतात. ती किंमत आणि हप्ते कागदावर लिहून घ्यावेत आणि उशीर झाल्यास काय आकारणार हेही आधीच विचारावे, कारण पुष्कळदा व्याज तिथे लपलेले असते. भिशीतून सोने आणि फ्रिज घेणाऱ्या आपल्या घरांनी पॅनेल घ्यायला हरकत नाही.

शेतकऱ्याचा पंप आणि आमचा गल्ला

शेतकऱ्याच्या सौर पंपाचे आम्हाला काय, असे कापडवाल्याने म्हणू नये. आमचा गल्ला दिवाळीला सोयाबीनवर आणि लग्नसराईला तूर-हरभऱ्यावर भरतो. शेतीपंपाची वीज वर्षानुवर्षे रात्री मिळाली. हिवाळ्याच्या रात्री बॅटरीच्या उजेडात हरभऱ्याला पाणी देताना साप चावून गेलेली माणसे या भागातल्या प्रत्येक गावाला माहीत आहेत. केंद्राच्या कुसुम योजनेतून आणि राज्याच्या २०२४ च्या मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेतून शेतकऱ्याला दहा टक्के रक्कम भरून, अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के भरून, जमिनीप्रमाणे तीन, पाच किंवा साडेसात हॉर्सपॉवरचा पंप मिळतो. अडीच एकरांपर्यंत तीनचा, पाच एकरांपर्यंत पाचचा. तो दिवसा चालतो आणि त्याला बिल नाही. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याचे रब्बी पीक सुधारले की उन्हाळ्यात आमच्याकडे उधारीची वही थोडी पातळ होते. विहीरच कोरडी असेल तर अर्थात सौर पंपही कोरडाच.

मशीनवर बसणारे हात

शेवटी कारागिरांविषयी, कारण नव्या तंत्राची खरी झळ आणि खरा लाभ तिथेच आहे. शिवणकामाच्या मोठ्या मशीनला जुनी क्लच मोटर असते. मास्तर कापड फिरवत असो की गिऱ्हाइकाशी बोलत असो, ती गुणगुणत वीज खातच राहते. नवी सर्वो मोटर पाय दाबला तेवढाच वेळ वीज घेते, आवाज करत नाही आणि हळू टाका घालता येत असल्याने नवशिक्या पोरांनाही सोपी जाते. चार मशिनी असलेल्या कारागिराने एक बदलून महिनाभर बिल बघावे आणि मग बाकीच्या बदलाव्यात. इस्त्रीचे मात्र सौर विजेशी जमत नाही. हजार वॅटची इस्त्री दीडशे अँपिअरची बॅटरी दीड तासाच्या आत झोपवते. इस्त्री नेट मीटरच्या लाइनवर किंवा गॅसवरच ठीक.

घरी बसून शिवणाऱ्या स्त्रियांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. घराच्या एका भागात छोटा धंदा चालत असेल आणि महिन्याचा वापर तीनशे युनिटांच्या आत, वर्षाचा छत्तीसशेच्या आत असेल तर घरगुती दरच लागतो, अशी तरतूद वीज नियामक आयोगाच्या गेल्या काही वर्षांच्या दर आदेशांत आहे. दोन मशिनी दिसल्या म्हणून कोणी व्यापारी मीटरची भीती घातली तर घाबरून जाऊ नये, आदेश दाखवायला सांगावा. मीटर घरगुती राहिले तर छपराचे अनुदानही घराच्या नावाने मागता येते. वर्ध्याच्या महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेने सौर चरखा तयार केला आणि २०१८ मध्ये केंद्राने सौर चरखा मिशन काढले. चरखा आमच्या भागाचा धंदा नाही, पण छोट्या मोटरीचे घरगुती यंत्र उन्हावर चालू शकते एवढे त्यावरून दिसते.

ज्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही ते वायंडिंगवाले. पंखा जळाला, मोटर जळाली की तांब्याची तार गुंडाळून ती पुन्हा जिवंत करणारे हे कारागीर आपल्या वस्तीत घरटी सापडतील. जानेवारी २०२३ पासून पंख्यांना स्टार लेबल सक्तीचे झाले आणि बीएलडीसी पंख्यांचा खप वाढला. त्या पंख्यात बहुधा तार जळत नाही, आतला इलेक्ट्रॉनिक कार्ड जातो. वायंडिंगवाला तो उघडून बघतो आणि परत करतो. आमच्या बाजारातले एक उस्ताद परवा म्हणाले, "शेठ, चाळीस वर्षे तार गुंडाळली, आता गिऱ्हाईक पंखा नाही, नुसता कार्ड घेऊन येतो." त्यांच्या मुलाने मात्र मोबाईल दुरुस्तीचे शिकलेले हात याच कार्डांकडे वळवले आहेत. दुकान एकच, बाप मोटर बघतो, मुलगा कार्ड.

सौर कामात हाच वर्ग पुढे येऊ शकतो. पॅनेलचा लोखंडी सांगाडा वेल्डिंगवाला करतो, वायरिंग इलेक्ट्रिशियन करतो, अर्थिंगचा खड्डा गवंडी खणतो. हे सगळे हात आपल्याकडे आहेत, पण आज ते बाहेरच्या कंत्राटदाराकडे रोजंदारीवर जातात आणि नोंदणीकृत विक्रेता म्हणून नाव दुसऱ्याचे लागते. केंद्राच्या सूर्यमित्र अभ्यासक्रमात २०१५ पासून आयटीआय झालेल्या मुलांना हे काम शिकवले जाते. वाशिम, अकोल्याच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन होऊन बाहेर पडलेला आणि पुण्याला कंपनीत जाण्याच्या विचारात असलेला मुलगा घरात असेल तर त्याच्याशी या कामाविषयी बोलावे, आणि दोन वेल्डर, एक इलेक्ट्रिशियन, एक हिशेबनीस मिळून विक्रेता म्हणून नोंदणी करता येते का, हे महावितरणच्या कार्यालयात जाऊन विचारावे.